कारखान्याच्या नेटवर्कची राखण बाहेरच्या कंपनीला द्यावी का?

शिरोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. कास्टिंग बाहेरून येतं, आम्ही मशीनिंग करून पुढं देतो. दोन पाळ्या, ४१ माणसं. वडिलांच्या वेळी ऑफिसात एक टाइपरायटर आणि एक काळा फोन, संपलं. परवा मोजलं तर १७ कॉम्प्युटर, एक सर्व्हर (टॅली आणि ड्रॉइंग दोन्ही त्याच्यावर), सहा मशीनना प्रोग्रॅम नेटवर्कवरनं जातो, १६ कॅमेरे, बोट लावायचं हजेरीचं यंत्र आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट. हे सांभाळायला एक हार्डवेअरवाला पोरगा आहे, देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) ३६,००० चा. पोरगा चांगला आहे, बोलावलं की येतो. पण बोलवायचं कधी, ते आधी आपल्याला कळायला पाहिजे ना.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सोमवारी सकाळी टॅली उघडेना. सर्व्हरला दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही. तसंच झालं होतं. एक कधीचीच गेली होती, दुसरीनं एकटीनं ओढलं आणि त्या रविवारी तिनंही मान टाकली. गेटवर पुण्याचा ट्रक भरून उभा. आमची उलाढाल पाच कोटींच्या वरची, त्यामुळं ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसशिवाय (म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाशिवाय) आमचा माल हलत नाही. अकाउंटच्या मॅडमनी स्वतःच्या लॅपटॉपवर सरकारी मोफत साधनात एकेक रकाना भरून बिल काढलं, तोवर साडेचार वाजले. ड्रायव्हर दोनदा जेवला आणि थांबल्याचे पैसे लावून गेला. बॅकअप मिळाला तो नऊ दिवसांचा जुना, मॅडमच्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर. नऊ दिवसांच्या एंट्र्या कागदावरून परत मारल्या.

पोरग्यानं सर्व्हरची पुढची जाळी काढली तर एका डिस्कपुढं पिवळा दिवा. त्या खोलीत रोज झाडू मारणाऱ्या आमच्या मावशी दारातनं म्हणाल्या, "त्यो व्हय? त्यो गौरी-गणपतीपास्नं पेटतोय की. मला वाटलं तुमीच लावलाय."

आता माझ्यापुढं तीन वाटा आहेत. पुण्याची एक कंपनी म्हणते, चोवीस तास नजर ठेवतो, महिना १६,५०० अधिक जीएसटी. आमचा पोरगा म्हणतो, दोन हजार वाढवून द्या, मीच बघतो. भाचा इंजिनीयर आहे, तो म्हणतो नेटवर्कवर नजर ठेवणारं झॅबिक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मामा, कशाला पैसे घालवता.

एवढे पैसे मोजण्यासारखं हे काम आहे का? आणि परक्या माणसाच्या हातात सर्व्हरचा पासवर्ड द्यायचा, या विचारानंच पोटात गोळा येतो.

अंबडचा_जुना_पीसी

नाशिकच्या अंबडमध्ये आमचं पॅनल बनवायचं काम आहे. तुमच्या भाच्याचं म्हणणं खरं आहे. जुना आय-थ्री पीसी पडून होता, त्यावर लिनक्स आणि झॅबिक्स टाकलं. चार रविवार गेले, पैसा शून्य.

पुढचंही सांगतो. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनशेच्या वर मेल यायला लागले. अँटिव्हायरस स्कॅन सुरू झाला की प्रोसेसर ८० टक्क्यांवर, मेल. प्रिंटर झोपला, मेल. प्रिंटर जागा झाला, मेल. नेटवर्कचा मुख्य स्विच (सगळ्यांच्या वायरी जिथं जोडतात तो डबा) एकदा बंद पडला तर त्याच्यामागच्या २८ वस्तूंचे २८ मेल. शेवटी वैतागून सगळे मेल एका वेगळ्या फोल्डरात जातील असं केलं. यूपीएसच्या बॅटरीनं दम तोडला तेव्हा त्या फोल्डरात सात दिवस आधीपासूनची सूचना होती. मीच लावलेली, मीच न वाचलेली. घरचा कुत्रा फारच भुंकायला लागला की आपण उशी कानावर घेतो, त्यातली गत.

रात्रपाळी_सांगली

शिरोलीकर दादा, मी अकरा वर्षं पुण्यात हेच काम केलंय. हिंजवडीतल्या एका नेटवर्क सेंटरमध्ये, त्यातली सहा वर्षं रात्रपाळी. आता सांगलीत घरून छोट्या उद्योगांना सल्ला देते, पण तुम्हाला काही विकायला आलेली नाही. टेबलाच्या पलीकडून हे काम कसं दिसतं तेवढं सांगते.

समोर भिंतभर स्क्रीन. त्यावर तुमच्यासारखे साठ-सत्तर ग्राहक, एकेकाच्या नावापुढं हिरवा चौकोन. रात्री पावणेतीनला एक चौकोन लाल होतो. मी तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, उघडते, दुरून काही करता येतंय का बघते. वीजच गेली असेल किंवा वायर तुटली असेल तर दुरून काही करता येत नाही. मग ग्राहकानं दिलेल्या नंबरवर फोन लावायचा. एका गिरणीच्या नोंदीत तीन नंबर होते. पहिला मालकांचा, रात्री बंद. दुसरा लागला तो नोकरी सोडून बडोद्याला गेलेल्या माणसाला, तो बिचारा झोपेत म्हणाला, "ताई, मी तिथं नसतो हो आता, दीड वर्ष झालं." तिसरा नंबर ऑफिसचा, तो टेबलावर वाजत राहिला. मी तिकिटात लिहिलं 'ग्राहकाशी संपर्क झाला नाही' आणि चहा प्यायला गेले. करारानुसार आमचं काम चोख झालं होतं. गिरणीचा सर्व्हर सकाळी नऊपर्यंत तापत राहिला.

तर दादा, 'बघणं' विकत मिळतं. 'उठून जाणं' मिळत नाही, किंवा त्याचे पैसे फार वेगळे पडतात. तुमच्या मावशींनी दिवा पाहिला होताच. तो कुणाला सांगायचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुण्याच्या कंपनीला काही विचारायच्या आधी स्वतःला विचारा की रात्री फोन आला तर शिरोलीत कोण उठणार. दुसऱ्या पाळीनंतर तिथं वॉचमनशिवाय कुणी नसेल तर वॉचमनच तुमचा नेटवर्क इंजिनीयर. हसू नका, त्याला तीन गोष्टी शिकवल्या तर तो पुष्कळ काही वाचवतो.

आता १६,५०० कडे येते. वर्षाचे १,९८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३५,६४० (तो क्रेडिटमध्ये परत मिळेल, पण आधी खिशातून जाणार). एवढ्या पैशात ते काय बघणार, हे कागदावर मागा. बहुतेकदा ते वस्तू मोजून दर लावतात आणि मग १७ कॉम्प्युटर, १६ कॅमेरे, प्रिंटर सगळं मोजतात. रात्री अडीचला हिशेबनीस मॅडमचा पीसी बंद आहे, हे बघायला पैसे कशाला द्यायचे? तुमच्याकडं लक्ष ठेवण्यालायक आठ-दहाच गोष्टी निघतील. सर्व्हर, त्याच्या डिस्क, रात्रीचा बॅकअप झाला की नाही, मुख्य स्विच, फायरवॉल (इंटरनेटच्या दारातला पहारेकरी), यूपीएस, सर्व्हरच्या खोलीतलं तापमान आणि दोन्ही इंटरनेट.

दोन्ही म्हणजे दोन्ही हं. राखीव लाइन ही राखीव आहे म्हणूनच तिच्याकडं कुणी बघत नाही. पहिली तुटते त्या दिवशी कळतं की दुसरी दोन महिन्यांपासून मेलेली आहे. आणि एकदा बाहेर जाऊन खांबाकडं वर बघा. दोन कंपन्यांच्या दोन फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक जेसीबी दोघींना एका फटक्यात नेतो.

बॅकअपच्या बाबतीत 'झाला' एवढ्या हिरव्या खुणेवर समाधान मानू नका. बॅकअपची फाइल काल ४ जीबी होती आणि आज ४० केबी आहे, हे ज्याला दिसतं तो खरा बघणारा. आणि तीन महिन्यांतून एकदा ती फाइल दुसऱ्या पीसीवर उघडून टॅली चालते का बघायचं. हे मात्र तुमच्या पोरग्याचं काम.

झॅबिक्स घरी लावण्यात तांत्रिक वाईट काहीच नाही. मी स्वतः वापरते. २००१ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, मोठमोठ्या ठिकाणी चालतं. अंबडच्या दादांचं दुखणंही बरं होण्यासारखं आहे: स्विच बंद असेल तर त्याच्यामागच्यांबद्दल गप्प राहा, असं त्याला सांगता येतं, आणि ८० टक्के एक मिनिट नव्हे, सलग पंधरा मिनिटं राहिले तरच ओरड, असंही. अडचण दुसरीच आहे. पाहणारा पीसी त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर, त्याच इंटरनेटवर. वीज गेली की घर आणि राखणदार दोघेही एकदमच झोपतात, आणि निरोप द्यायला कुणी उरत नाही. म्हणून बाहेर कुणीतरी हवं. आतल्या यंत्रानं दर पाच मिनिटांनी 'मी जिवंत आहे' एवढा निरोप बाहेर पाठवायचा. तीन निरोप चुकले की बाहेरच्यानं फोन करायचा. बाहेरच्या कंपनीकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची सेवा हीच, आणि ती स्वस्त असते.

करारात 'प्रतिसाद १५ मिनिटांत' असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ पंधरा मिनिटांत तिकीट उघडलं जाईल, दुरुस्ती होईल असा नव्हे. '९९.५ टक्के उपलब्धता' वाचून भारावून जाऊ नका. ७२० तासांच्या महिन्यात ते ३ तास ३६ मिनिटं बंद राहण्याचं मोकळं रान आहे. आणि ते तास नेमके ट्रक गेटवर असताना येतात.

पासवर्डबद्दल पोटात गोळा येतोय तो येऊ द्या, चांगलं लक्षण आहे. नजर ठेवायला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड लागतच नाही. स्विच, यूपीएस वगैरेंना एसएनएमपी नावाची सोय असते, त्यातून फक्त वाचायची परवानगी देता येते. पण तुमच्या पोरग्याला एक विचारा. पुष्कळ जुन्या स्विचवर त्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून येतो तोच, 'पब्लिक', राहिलेला असतो, आणि जुन्या आवृत्तीत तो तारेवरून उघडाच जातो. तिसरी आवृत्ती चालत असेल तर ती लावा. नसेल तर निदान शब्द तरी बदला.

माल्मोवासी

ताईंनी पासवर्डचा विषय काढलाच आहे तर स्वीडनमधली एक आठवण.

३ जुलै २०२१, शनिवार. सकाळी दूध-पाव आणायला जवळच्या 'कूप'मध्ये गेलो. आपल्याकडच्या ग्राहक भांडारासारखी इथली सहकारी दुकानांची साखळी आहे. दाराला कागद चिकटवलेला: तांत्रिक बिघाडामुळं बंद. आत दिवे चालू, फळं रचलेली, एक मुलगी काचेआडून मान हलवून नाही नाही म्हणतेय. देशभरात त्यांची सुमारे ८०० दुकानं बंद झाली, कारण गल्ल्यावरची यंत्रंच चालेनात.

मजा अशी, की कूपवर कुणी हल्ला केलाच नव्हता. आदल्या दिवशी, शुक्रवारी, अमेरिकेतल्या कासेया कंपनीच्या व्हीएसए या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून खंडणीखोर आत शिरले. हे सॉफ्टवेअर कशासाठी? छोट्या-मोठ्या धंद्यांच्या कॉम्प्युटरवर दुरून नजर ठेवायला आणि ते दुरुस्त करायला. म्हणजे तुम्ही जी सेवा घ्यायचा विचार करताय तिचंच हत्यार. कासेयाचे थेट ग्राहक साठाच्या आत होते, पण ते स्वतः दुसऱ्यांची राखण करणारे, त्यामुळं फटका दीड हजारापर्यंत धंद्यांना बसला. कूपचे गल्ले सांभाळणारा पुरवठादार त्या साखळीतला एक. मागणी होती सात कोटी डॉलरची. ते भोक नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आधीच कंपनीला कळवलं होतं, दुरुस्ती चालूही होती. चोर आधी पोचले.

घेऊ नका असं मी म्हणत नाही. 'बघणं' आणि 'दुरून हात घालणं' या दोन गोष्टी आहेत, विकणारा मात्र दोन्ही एकाच पुडीत बांधून देतो. पहिली घ्या. दुसरी लागली तर तुमचा माणूस समोर बसलेला असताना, तेवढ्यापुरती उघडा आणि काम झालं की बंद करा.

म्हापशाचा_हॉटेलवाला

आमचं म्हापशाला बारा खोल्यांचं हॉटेल. मागच्या पावसाळ्यात ही सेवा घेतली. जून ते सप्टेंबर रोज फोन: "सर, तुमची लिंक डाउन आहे." अरे बाबा, वीज गेली आहे, मी मेणबत्ती धरून उभा आहे, मला माहीत आहे! शेवटी इंटरनेटचा डबा आणि स्विच दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतले, फोन बंद झाले. तीन महिने मी त्यांना माझ्याच अंधाराची बातमी ऐकायचे पैसे देत होतो.

शिरोलीकर

ताई, माल्मोकर, सगळ्यांचे आभार. ताईंचं उत्तर छापून भिंतीला लावलंय. खांब बघून आलो. दोन्ही फायबर एकाच खांबावर आहेत आणि एकमेकींना गुंडाळलेल्या आहेत.

एक राहिलं. पुण्याच्या कंपनीचा माणूस म्हणतो की सायबर हल्ला झाला तर सरकारला सहा तासांत कळवावं लागतं, आमच्याकडं आलात की ती जबाबदारी आमची. खरं का?

रात्रपाळी_सांगली

पहिलं अर्धं खरं. सर्ट-इनचा, म्हणजे सायबर घटना बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या, आणि लॉग (यंत्रांत आपोआप होणाऱ्या कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. लघुउद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, ती कधीच संपली. दुसरं अर्धं विक्रीचं बोलणं आहे. कळवायची जबाबदारी करारानं दुसऱ्याच्या गळ्यात बांधून मोकळं होता येत नाही. ते तुमच्या वतीनं अर्ज भरून देतील, मान तुमचीच. तेव्हा करारात एवढं घाला की काही संशयास्पद दिसलं तर त्यांनी तुम्हाला एका तासात तोंडी कळवायचं, आणि लॉग मागाल तेव्हा द्यायचे. करार संपला की लॉग कुणाचे, तेही लिहून घ्या. तिथंच पुष्कळ जण अडकतात.

आणि डिस्क जाणं हा सायबर हल्ला नव्हे हं. दिवाळीचं कळवलं नाही म्हणून घाबरू नका.

शिरोलीकर

दीड महिन्यानं लिहितोय. काय केलं ते सांगतो.

पुण्याच्या कंपनीला नऊ गोष्टींची यादी दिली आणि म्हटलं, एवढंच बघा, आत हात घालायचा नाही. माणूस थोडा नाराज झाला, पण महिना ६,२०० ला तयार झाला. भाच्याला सुट्टीत बोलावून झॅबिक्स लावून घेतलं, ते आतून बघतं आणि बाहेर 'जिवंत आहे' म्हणून सांगतं. पोरग्याला दोन हजार वाढवले, पण त्याच्या बदल्यात दर तीन महिन्यांनी माझ्यासमोर टॅलीचा बॅकअप उघडून दाखवायचा. पहिल्यांदा उघडला तेव्हा पासवर्ड कुणालाच आठवेना, तासभर गेला. म्हणजे बॅकअप होता, किल्ली नव्हती. एका कंपनीची फायबर आता मागच्या गल्लीतून येते.

फोन करायच्या यादीत पहिलं नाव वॉचमनकाकांचं. त्यांना बटणांचा मोबाइल दिला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात तीन ओळी. वीज आहे का बघा. खोलीत गरम वाटतंय का बघा, वाटलं तर दार उघडा, टेबल फॅन लावा. बाकी कशाला हात न लावता मला फोन करा, मी उचलेपर्यंत करा.

गेल्या मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी पुण्याहून काकांना फोन आला, खोलीचं तापमान ३८. एसी ट्रिप झाला होता. काकांनी दार उघडलं, पंखा लावला, मला उठवलं. मी पोचेपर्यंत ३१ वर आलेलं, आणि काका पंख्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "साहेब, मशीनला वारं लागतंय का बघत बसलोय." मावशींनाही सांगून ठेवलंय, हिरव्याशिवाय कुठलाही दिवा दिसला की मॅडमना सांगायचं. परवा त्यांनी स्टॅबिलायझरचा लाल आकडा बघून सगळं ऑफिस उठवलं. चालायचंच.

रात्रपाळी_सांगली

काकांना माझा नमस्कार सांगा. हिंजवडीत आमच्या शिफ्टला असा एकही नव्हता.

आणि स्विचवरचा तो 'पब्लिक' बदलला का?

शिरोलीकर

पोरग्याला विचारलं. म्हणतो बदललाय. काय ठेवलाय म्हटलं, तर म्हणतो 'शिरोली१२३'.